लख्खमावशीची धूळ

इमारतीत तिला सगळे लख्खमावशी म्हणत, आणि तिलाही ते मनापासून आवडे. तिच्या घरात जाळं विणायची कोळ्याची हिंमत होत नसे. अशा बाईच्या लेकीने नोकरी धरावी तर कसली, धूळ तपासायची! घराघरांतली धूळ प्रयोगशाळेत यायची आणि तिच्यात कोणकोणती रसायनं आहेत ते ही पोरगी शोधायची.

एकदा लेक रिकामी बाटली ठेवून गेली. "आई, आठवडाभर झाडू नकोस. मग सोफ्याखालची धूळ यात भर."

मावशीने दुपारपर्यंत कसाबसा दम काढला. मग एक कोपरा झाडला, दुसरा झाडला, आणि तिन्हीसांजेला घर चकाचक. रोज तीच गत. बाटली द्यायच्या सकाळी घरात धूळ औषधालाही सापडेना. आता लेकीला काय तोंड दाखवायचं?

झाडू आणि बाटली घेऊन ती वरच्या मजल्यावर गेली. तिथली शिंपीण दिवसभर मशीनवर बसायची आणि तिची छकुली जमिनीवर रांगायची. घरातला सोफा मावशीचाच जुना. फोमचा भुगा गाळून फरशी घाण करतो म्हणून तिने तो मोठ्या मनाने देऊन टाकला होता.

"तू शीव गं, मी जरा सोफ्याखाली झाडू फिरवते."

लख्खमावशी दुसऱ्याचं घर झाडायला आली, याचं शिंपिणीला काही नवल वाटलं नाही. बाटली काठोकाठ भरली.

काही दिवसांनी लेकीचा फोन आला. "आई, तुझा नमुना सगळ्यांत वाईट निघाला! फोम पेटू नये म्हणून घालतात ते रसायन यात भरपूर आहे. नव्या सोफ्यात इतकं कसं?"

"त्याने काय होतं गं?"

"एका दिवसात काही होत नाही. पण रांगतं मूल असेल तर हात तोंडात जातात, रोज थोडं थोडं पोटात जातं. वाढत्या मेंदूला ते बरं नाही. तुझ्याकडे कुठे आलंय मूल!"

मावशी गप्प बसली तर अब्रू शाबूत, पण वर छकुली बोटं चोखत होती. तिने सगळं सांगून टाकलं. लेक इतकी हसली की मावशीला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग ती म्हणाली, "सोफा काढा, ओल्या फडक्याने पुसा, जेवणाआधी पोरीचे हात धुवा. आणि त्या नमुन्यावरचं तुझं नाव मी बदलते."

मावशी तडक वर गेली आणि पुन्हा सगळं सांगितलं. शिंपीण आधी घाबरली, लेकीचं म्हणणं ऐकल्यावर सावरली. दोघींनी मिळून सोफा घराबाहेर काढला. तो निघताना जिनाभर भुगा सांडला, आणि मावशीने तो ओल्या फडक्याने स्वतः टिपला. मग छकुलीचे हात साबणाने खसखसून धुतले. पोरीला तो खेळच वाटला.

"मावशी, तुमची लेक आता माझं नाव लावणार का हो त्या बाटलीवर?" शिंपिणीने हळूच विचारलं.

मावशीच्या डोळ्यांपुढे ती बाटली आली. सगळ्यांत घाणेरडी धूळ, आणि नाव लख्खमावशीचं!

"मुळीच नाही," ती म्हणाली. "सोफा माझा, धूळही माझीच. मी फक्त ती तुझ्या घरात झाडून टाकली होती."