एकवीस गोलांचा इतिहास

चाळणीचं खरं नाव तिच्या आईशिवाय कोणी घेत नसे. सोळाव्या वर्षी ती देशाच्या मुलींच्या युवा फुटबॉल संघाची गोलकीपर म्हणून जागतिक स्पर्धेला गेली आणि पहिल्याच सामन्यानंतर एका वर्तमानपत्राने तिचं हे बारसं केलं. नाव टिकाऊ निघालं. पुढे लग्न झालं, मुलं झाली, तिने ड्रायव्हिंग स्कूल काढलं, तरी लोक फोनवर विचारायचे, "चाळणी मॅडमचंच ना हे?"

तो संघ स्पर्धेत पोचला कसा, हीच मुळात गंमत होती. पात्रता फेरीतल्या पहिल्या प्रतिस्पर्ध्यांचं आपल्याच प्रशिक्षकाशी वाजलं, ते आलेच नाहीत. दुसऱ्या संघाच्या कप्तानाला सामन्याआधी भेटायला तिचा शाळकरी मुलगा आला आणि वयोगटाचा प्रश्न निकालात निघाला. तिसऱ्या वेळी मैदानच पाण्याखाली गेलं. पंचांनी चिठ्ठी काढली, ती यांची निघाली. अशा रीतीने चेंडूला पाय न लावता या पोरी जगातल्या उत्तमोत्तम संघांच्या पंक्तीला जाऊन बसल्या.

तिथे मात्र खेळावं लागलं. पहिला सामना आठ-शून्य, दुसरा सात-शून्य, तिसरा सहा-शून्य. प्रशिक्षकांनी पत्रकारांना शांतपणे सांगितलं, "दर सामन्याला एक गोल कमी होतोय. आणखी सहा सामने मिळाले असते तर बरोबरी नक्की होती."

त्यानंतर वीसेक वर्षं देशाचा एकही युवा संघ त्या स्पर्धेच्या दारापर्यंत गेला नाही. जसजशी वर्षं गेली तसतसा तो पराभव मुरत गेला. महासंघाच्या भाषणांत तो आधी 'सहभाग' झाला, मग 'झुंज', आणि शेवटी 'सुवर्णकाळ'.

यंदा मुली पुन्हा पात्रतेच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचल्या, आणि तेही खेळून. बरोबरी झाली तरी पुरे होतं. तेव्हा महासंघाचे सचिव घाम पुसत ड्रायव्हिंग स्कूलच्या पायऱ्या चढले.

"ताई, पोरींना चार शब्द सांगा. तुम्ही आमचा इतिहास आहात."

"इतिहासाने एकवीस गोल खाल्लेत, साहेब."

"तेवढं सोडून सांगा."

"ते सोडलं तर उरतं काय?" चाळणी म्हणाली. पण गेली. साडीला इस्त्री करून गेली.

ड्रेसिंग रूममध्ये सचिवांनीच इतकं भाषण केलं की तिच्या वाट्याला टाळ्या तेवढ्या आल्या. मग कळलं, संघाची गोलकीपर जागेवर नाही. तिला सगळ्या 'शिडी' म्हणत, एवढी ती उंच होती. ती बाथरूममध्ये वाकून ओकत होती. चाळणीने तिची वेणी मागे धरली आणि नळ सोडला.

"ताई, तुम्हाला भीती वाटली होती?" शिडीने तोंड धुताना विचारलं.

"पहिल्या गोलापर्यंत. मग मेलं कोंबडं आगीला कशाला भितंय? चौथ्यानंतर तर हात एकदम मोकळे झाले."

शिडीचे डोळे विस्फारले. "म्हणजे मला चार होणार?"

"अगं नाही! म्हणजे, झाले तरी काही मरत नाही माणूस. मी आहे की."

शिडीने तिच्याकडे, म्हणजे एकवीस गोल खाऊन जिवंत राहिलेल्या त्या बाईकडे, नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या पाहण्यात फारसा दिलासा नव्हता. पण ती ताठ उभी राहिली आणि हातमोजे चढवून बाहेर गेली.

सामना सुरू होतो न होतो तोच साध्यासरळ चेंडूवर तिच्या पायांमधून गोल झाला. प्रेक्षकांत बसलेल्या चाळणीने पदर तोंडात कोंबला. शेजारचे सचिव तिच्यापासून जरा सरकून बसले. पण त्यानंतर शिडी भिंतीसारखी उभी राहिली. डावीकडे झेप, उजवीकडे झेप. एक चेंडू तर तिने चक्क नाकाने अडवला. उत्तरार्धात यांच्या कप्तानाने बरोबरी साधली आणि शिट्टी वाजेपर्यंत दुसरा गोल कोणाचाच झाला नाही.

मैदानावर पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. सचिवांनी माईक हिसकावून घेतला. "आपल्या इतिहासात प्रथमच," ते ओरडले, "आपल्या मुली जागतिक स्पर्धेत!"

चाळणी टाळ्या वाजवता वाजवता थांबली. मग पुन्हा वाजवू लागली, कारण लोक बघत होते.

संध्याकाळी तिच्या वेळच्या कप्तानाचा फोन आला. ती आता औषधांचं दुकान चालवते. "ऐकलंस? आपल्याला पुसून टाकलं! सकाळी सुवर्णकाळ होतो, संध्याकाळी झालोच नाही! तक्रार करू या."

"काय लिहायचं तक्रारीत? आमचे पराभव आम्हाला परत द्या?"

कप्तान हसली नाही. तिने एकटीनेच तक्रार केली, आणि महासंघाने खुलासाही केला: देश स्पर्धेत दुसऱ्यांदा जात आहे, खेळून प्रथमच. कप्तानाला तेवढं पुरलं.

जागतिक स्पर्धेतला पहिला सामना चाळणीने घरी आईबरोबर टीव्हीवर पाहिला. मुली तीन-शून्यने हरल्या. तिसरा गोल झाला तेव्हा तिच्या मनात आलं, अजून आपल्यापेक्षा पाच कमीच. चौथा झाला नाही, तेव्हा तिला हायसं वाटलं आणि किंचित वाईटही. त्या वाईट वाटण्याचं तिला इतकं नवल वाटलं की ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच ओटा पुसत राहिली.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही. माझ्यात एक सटवी राहते, ती आज भेटली."

दुसऱ्या सामन्याच्या वेळी ती शिकवणीवर होती. गाडीत रेडिओ लावलेला, चालकाच्या जागी नुकताच निवृत्त झालेला एक शिंपी, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून. एक-शून्यने मुली पुढे होत्या. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांना पेनल्टी मिळाली. समालोचकाचा आवाज चिरकला: शिडीने उजवीकडे झेप घेतली, अडवला!

चाळणी सीटवरून अर्धी उडाली आणि शिकवणाऱ्यांसाठी असतो तो ब्रेक तिने दोन्ही पायांनी दाबला. गाडी ऐन चौकात आचका देऊन बंद पडली. मागून हॉर्नचा गदारोळ उठला.

"मॅडम, माझं काय चुकलं?" शिंपी रडवेला झाला.

"काही नाही हो, काका," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही झकास चालवताय. चालू करा परत."