आबांच्या मांडीवरची फ्रेम

मित्रांनो, जरा जवळ बसा. मला आता मोठ्याने बोलवत नाही. माझे चारही कोपरे सैल झाले आहेत, एका बाजूची पट्टी उकलली आहे आणि काच तर केव्हाच गेली. मी फ्रेम आहे, चित्राभोवती असते ती साधी लाकडी फ्रेम. लोक चित्राकडे बघतात, माझ्याकडे कोणी बघत नाही. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. पण दुसऱ्याचे कौतुक वर्षानुवर्षे छातीशी धरून राहायचे, म्हणजे थकवा येतो. तो आला आहे.

माझा जन्म बारामतीतला. भिगवण रस्त्याच्या एका बोळात नागेशचे छोटे दुकान होते. लाकडी पट्टीची टोके तो तिरकी कापायचा, चार तुकडे जुळवायचा आणि कोपऱ्यांत चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायचा. माझ्या आधी तयार झालेल्या फ्रेमांमध्ये देव गेले, नाहीतर हार घातलेली माणसे गेली. मलाही वाटले, आपल्या वाट्याला असेच कोणीतरी येईल आणि उदबत्तीच्या वासात आपले आयुष्य शांतपणे निघून जाईल.

पण एका संध्याकाळी आसावरी दुकानात आली. ती शहरातल्या एका दवाखान्यात एक्सरे काढायचे काम करायची. दिवसभर उभी राहून पाय दुखत असावेत, कारण आल्या आल्या ती स्टुलावर बसली. तिने पिशवीतून गुंडाळलेला कागद काढला. तिच्या चार वर्षांच्या मुलीने, इराने, तेलखडूने काढलेले चित्र होते ते. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई आणि तिचे फावड्याएवढे मोठे दोन हात.

नागेशने चित्र उलटसुलट करून पाहिले. "ताई, ह्या हाताला सात बोटं हायती की."

"असू दे. तिची आजी आहे ती."

"आजी म्हनल्यावर असत्याल मग," तो म्हणाला आणि माझ्यावर काच बसवू लागला.

अशी मी त्यांच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीवर लागले. इराचे बाबा मोहित एका दूध प्रकल्पात नोकरीला होते. त्यांचे आईवडील, सिंधुबाई आणि झुंबर आबा, इंदापूर तालुक्यात कळसला राहायचे. त्यांची बागायती शेती होती. टोमॅटो, वांगी, थोडे डाळिंब. पुढच्याच आठवड्यात ते दोघे भाजीची पिशवी घेऊन आले. दारातच सिंधुबाईंची नजर माझ्यावर पडली.

"अगं बया! ही मी व्हय? आन् माझं हात एवढं मोठं?"

"तू प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये टोमॅटो भरतेस ना, म्हणून," इरा म्हणाली.

सिंधुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि हसत सुटल्या. आबा मात्र हसले नाहीत. ते चपला न काढताच जवळ आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरीनं बरोबर काढलंय. आपलं वावार त्या हातांवरच उभं हाय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. तसे पुन्हा फार कमी ऐकले.

पुढची काही वर्षे बरी गेली. इराने नवे चित्र काढले की आसावरी सुट्टीच्या दिवशी मला खाली उतरवायची. मागचे पुठ्ठे काढायची, जुने चित्र कपाटात ठेवायची, नवे आत घालायची. कधी माझ्यात तीन पायांची शेळी होती, तर कधी पाटाच्या पाण्यात पोहणारी स्कूटर. स्कूटरला गरम होत होते, असे इराने सांगितले होते. कोणी त्यावर वाद घातला नाही.

मग शाळेच्या स्पर्धेत इराला पहिला नंबर मिळाला. घरात पेढे आले. आसावरीने माझा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि दिवसभर फोन वाजत राहिला. इराला चित्रकलेच्या क्लासला घातले. तिथले सुयोग सर मन लावून शिकवायचे. हाताला बोटे पाच हवीत, शेळीला पाय चार हवेत, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण हळूहळू माझ्यात एकाच तऱ्हेची चित्रे येऊ लागली. डोंगरामागे मावळणारा सूर्य, नारळाची झाडे आणि पाण्यात एक होडी. बारामतीत राहून मी किती समुद्र सांभाळले म्हणून सांगू!

दर महिन्याला नवे चित्र यायचे. चुका उपटायच्या, पुन्हा ठोकायच्या. माझे लाकूड भोके पडून पडून भुसभुशीत झाले. पाहुणे आले की मोहित म्हणायचे, "इरा, काकांना चित्र काढून दाखव." ती आतून वही आणायची, खाली मान घालून काढायची आणि परत आत जायची. काका म्हणायचे, "वा! पुढे मोठी आर्टिस्ट होणार ही." मला दिसायचे, आत जाताना ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

आसावरी वाईट आई नव्हती, मित्रांनो. ती फार दमलेली आई होती. दवाखान्यातून उशिरा यायची, स्वयंपाक करायची आणि तशाच दमल्या हातांनी माझी काच पुसायची. दिवसभर ती लोकांची मोडलेली हाडे बघायची. घरी आल्यावर भिंतीवर काहीतरी सुंदर असावे, एवढेच तिला हवे होते. पण त्या सुंदर गोष्टीसाठी तिची मुलगी किती दमते आहे, हे तिच्या ध्यानात आले नाही.

इरा सहावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरले. नागेशने नव्या कोऱ्या फ्रेमा करून दिल्या. त्या आमच्या घरातच एका कोपऱ्यात एकमेकींना टेकून उभ्या होत्या. प्रदर्शनात मधोमध मला लावायचे होते आणि माझ्यात इराचे सगळ्यात नवे चित्र असायला हवे होते. ते चित्र काही होईना. इरा पांढरा कागद पुढे घेऊन बसून राहायची.

आसावरी कामावरून आली. "झालं का गं?"

"नाही."

"परवा लोक येणार आहेत, इरा. मागच्यासारखा सूर्यास्त काढ. सगळ्यांना आवडला होता."

"मला नव्हता आवडला."

"मी दिवसभर उभी असते. घरी येऊन पुन्हा हे सगळं बघते. कोणासाठी करते मी?"

"मी सांगितलं नव्हतं करायला," इरा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. उठली, खुर्चीवर चढली आणि मला भिंतीवरून काढू लागली. "मला माझं चित्र काढून टाकायचंय यातून."

"इरा, ठेव ते!" आसावरीने माझी दुसरी बाजू धरली. दोघींनी ओढले. कोपरा उकलला, काच निसटली आणि फरशीवर तिचे तुकडे झाले.

कोणाला लागले नाही. इरा रडली नाही. तिने माझ्यातून सूर्यास्त ओढून काढला, टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "मी आता चित्र काढणार नाही." आसावरी काचा गोळा करत खालीच बसून राहिली. त्यानंतर तिने सगळ्यांना फोन करून प्रदर्शन रद्द झाल्याचे सांगितले. प्रत्येकाला ती एकच कारण सांगत होती, इराला बरे नाही. ते तसे खोटेही नव्हते.

माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे अंधार, धूळ आणि कागद खाणारी कसर. खालून भांड्यांचे, टीव्हीचे आवाज येत. चित्रांबद्दल कोणी काही बोलत नसे. पुढे फ्लॅटला रंग द्यायचा निघाला, तेव्हा जुना कूलर, मोडके टेबल आणि मी असे सगळे सामान टेम्पोत घालून कळसला पाठवले गेले. सिंधुबाईंनी मला फेकले नाही. "लाकूड चांगलं हाय," म्हणाल्या आणि धान्याच्या पिंपामागे उभी करून ठेवली. तिथे उंदरांनी माझी एक कड कुरतडली. मी मनात म्हटले, संपले आता आपले काम. खरे सांगते, बरेच वाटले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात झुंबर आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आले, ते खाटेवरच. समजत सगळे होते, पण तोंडातून शब्द फुटेना. सिंधुबाई जवळ बसून विचारायच्या, "पानी पायजे? च्या देऊ? उशी सारकी करू?" आबांना हवे असायचे भलतेच. ते डाव्या हाताने काहीतरी दाखवायचे, सिंधुबाईंना कळायचे नाही, मग आबा चिडायचे. एकदा त्यांनी पाण्याचा पेला भिरकावला. सिंधुबाई पाणी पुसता पुसता म्हणाल्या, "मला तरी कसं कळावं हो? माझंबी डोस्कं चालंना आता." आणि तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या.

आठवीची परीक्षा संपवून इरा सुट्टीला आली होती. ती दारात उभी राहून हे बघत होती. ओसरीवर ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे रिकामे खोके पडले होते. तिने त्याचा पुठ्ठा फाडला, खिशातले पेन काढले आणि भराभर काहीतरी रेखाटून आबांसमोर धरले. खाट होती ती, कडुनिंबाखाली ठेवलेली.

"आबा, बाहेर बसायचंय?"

आबांनी डावा हात त्या पुठ्ठ्यावर आपटला. दोनदा आपटला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.

खाट बाहेर काढली गेली. मग इराने आणखी पुठ्ठे फाडले. तांब्या, चहाची कपबशी, पंखा, उशी, रेडिओ, विहिरीवरची मोटर. सुबक नव्हते काहीच, रेघा वाकड्या होत्या आणि पंख्याला पाती चार झाली होती. पण आबांचे बोट बरोबर जाऊन टेकायचे. अडचण एवढीच, की वाऱ्याने तुकडे उडायचे. त्यांना काहीतरी पाठ हवी म्हणून इरा शोधत शोधत पिंपामागे आली आणि मी तिला सापडले.

तिने मला ओळखले. मग फडक्याने माझी धूळ पुसली, कणकेची खळ करून सगळे तुकडे माझ्या पाठीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले आणि मला आबांच्या मांडीवर ठेवले.

मित्रांनो, आजवर मी भिंतीवर होते. मला हात लावायची कोणाला मुभा नव्हती. आता दिवसभर एका म्हाताऱ्या माणसाचे खरखरीत बोट माझ्यावर फिरू लागले. चहा सांडायचा, भाकरीचे पीठ लागायचे. तांब्याचे चित्र तर बोट लागून लागून पुसट झाले. इरा त्यावर पुन्हा रेघ ओढायची.

रविवारी आसावरी आणि मोहित आले. आसावरीने मला पाहिले, मुलीच्या हातातले पेन पाहिले आणि तिचा हात आपोआप पर्समधल्या फोनकडे गेला. इराने ते बघितले. तिने पटकन आपला तळवा माझ्यावर ठेवला.

आसावरी थांबली. फोन तिने परत पर्समध्ये टाकला. "नाही काढत गं फोटो," ती म्हणाली. मग खाटेच्या कडेला बसली, पाय जरा चोळले आणि इराचा हात हळूच बाजूला करून तिने एका चित्रावर बोट ठेवले. चहाच्या कपबशीवर.

"मलाही हा हवाय. फार दमले बघ."

इरा खुदकन हसली आणि चहा टाकायला आत गेली. त्या दोघींमध्ये त्या काचेबद्दल काही बोलणे झाले की नाही, ते मला माहीत नाही. चहा मात्र दोघींनी एकत्र प्यायला.

पावसाळ्याच्या तोंडाला आबा उशीला टेकून बसू लागले. एकदा इराने त्यांच्या डाव्या हातात पेन दिले आणि माझ्यावर कोरा कागद ठेवला. आबांनी जन्मात कधी चित्र काढले नव्हते. त्यांनी एक लांब रेघ ओढली, तिच्या बाजूला काही गोल काढले आणि मध्ये एक उभी खूण केली. ती माणसाची होती, झाडाची होती की आणखी कशाची, कोण जाणे. सगळे भोवती जमले होते.

मोहितना राहवले नाही. "आबांनी काढलं! आईशप्पथ, हे फ्रेम करून हॉलमध्ये लावू आपण. काच मी नवीन बसवून आणतो."

"अहो, आधी त्यांना विचारा," आसावरी म्हणाली. ती आबांसमोर वाकली. "आबा, लावू का हे भिंतीवर?"

आबांनी तिच्याकडे पाहिले, मग कागदाकडे. त्यांचे ओठ हलले. आणि किती आठवड्यांनी, फाटक्या पण स्पष्ट आवाजात, त्यांच्या तोंडून शब्द आला.

"न्हाय."

मग सिंधुबाई ओरडल्या, "बोललं! न्हाय म्हनलं गं त्यांनी!" आणि हसता हसता रडू लागल्या.

मित्रांनो, मुलांची चित्रे जरूर लावा. भिंतीवर लावा, दारावर लावा, माझ्यासारख्या फ्रेमा करून घ्या, आमच्यावर प्रेम करा. पण लावण्याआधी, ज्याचे चित्र आहे त्याला एकदा विचारा. आणि तो नाही म्हणाला, तर ते नाही नीट ऐका. तेवढ्याने आमचे काही बिघडत नाही. आम्ही रिकाम्या राहू शकतो.

आबांनी तो कागद डाव्या हाताने कसाबसा दुमडला आणि आपल्या अंगातल्या कोपरीच्या खिशात ठेवून दिला. इतकी चित्रे सांभाळली मी, पण एखादे चित्र मला मिळाले नाही म्हणून एवढे हायसे कधी वाटले नव्हते.