टेबलाखालचा कप्पा

वडिलांनी खिशातला टेप काढला आणि कॉम्प्युटरच्या दुकानातल्या सगळ्यात मोठ्या कॅबिनेटला आडवा-उभा लावून पाहिला.

"बसतंय," ते खुशीत म्हणाले. "चिऊ, अगदी मापात. दोन्ही बाजूंना बोटबोट जागा उरते. की तुझ्या मनात दुसरं काही आहे?"

"नाही," चिऊ काउंटरवरच्या डब्यांकडे बघत म्हणाली.

कॅबिनेट काचेचं होतं, उचलायला दोन माणसं लागावीत असं. वडील सुतार होते. गिऱ्हाइकांची कामं हातावेगळी झाली की रोज संध्याकाळी ते लेकीसाठी टेबल करत बसायचे. खाली उजवीकडे कॉम्प्युटरसाठी खास कप्पा, मागे वायरींना भोक. चिऊचं एडिटिंगचं काम घरात बसून चालतं, तर ते ऐटीत चालावं, एवढीच त्यांची हौस. पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही, अशी तिला ताकीद होती. पण टेबल कसं होणार हे तिला न बघताही माहीत होतं. बाबांचं काम म्हणजे खाचेत खाच बसलेली, जन्मात न हलणारी; खिळा आणि बोल्ट त्यात औषधालाही सापडायचा नाही.

आणि चिऊला दूरच्या शहरातल्या एका स्टुडिओत नोकरी लागली होती. स्वतःचं मशीन घेऊन या, असं त्यांनी कळवलं होतं. निघायचा दिवस जवळ येत चालला होता आणि तिनं घरात अवाक्षर काढलं नव्हतं. आज सांगायचंच, असं रोज ठरवायची. मग मागच्या खोलीतून रंध्याचा आवाज यायचा आणि सांगणं उद्यावर जायचं.

दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. "काम काय करणार ताई यावर?"

"एडिटिंग. आणि थोडं गेमिंग."

"गेमिंग आम्ही दोघं मिळून करतो," वडील मध्येच म्हणाले. "गाड्यांची शर्यत. बाकीचे मेले भूत लागल्यासारखी गाडी हाणतात."

"बाबा सिग्नलला थांबतात," चिऊ म्हणाली.

"लाल असला की थांबायचंच. शर्यत असली म्हणून काय झालं?"

दुकानदार पोट धरून हसला. प्रोसेसर ठरला. ग्राफिक्स कार्डावर जरा खल झाला. वडिलांनी ते हातात घेऊन वीट जोखावी तसं जोखलं आणि पसंतीची मान डोलावली. व्हिडिओ साठवायच्या डिस्कही ठरल्या. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग हे सगळं ज्यावर बसतं तो मदरबोर्ड आला.

"छोटा द्या," चिऊ म्हणाली. "सगळ्यात छोटा."

दुकानदाराचा चष्मा नाकावर उतरला. "अहो, मोठा घ्या ना! रॅमला चार जागा मिळतात, पुढे वाढवता येतं. छोट्यात दोनच. शिवाय त्याचं कॅबिनेटही छोटं, आत हवा खेळत नाही, मशीन तापतं. छोटं कोण घेतं, ज्यांना सारखं उचलून न्यायचं असतं ते. तुमचं तर घरातच राहणार, नाही का काका?"

वडील टेप गुंडाळत राहिले.

मोठाच द्या, असं म्हणणं किती सोपं होतं. मोठा बोर्ड, मोठं कॅबिनेट, टेबलाखालचा कप्पा, आणि स्टुडिओला दोन ओळींचा नकार. चिऊनं मान हलवली.

"छोटाच हवाय," ती म्हणाली. "बाबा, मला तुम्हाला..."

"मूठवाला डबा असतो का हो?" वडिलांनी दुकानदाराला विचारलं. "वरून धरायला?"

दुकानदारानं वरच्या फळीवरून एक छोटं कॅबिनेट काढून दिलं. वडील ते हातात धरून दारापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"रिकामं आहे म्हणून हलकं लागतंय," ते म्हणाले. "भरल्यावर जिना चढताना हाताला रुतेल. मुठीला चामडं गुंडाळून देतो."

चिऊ त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आणि टेबल?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"त्याचं काय? चार बोल्ट काढले की पाय सुटे होतात. तिकडे गेल्यावर परत आवळायचे. पाना देईन बरोबर, हरवू नकोस म्हणजे झालं."

"बोल्ट? तुम्ही?"

"मग! म्हातारपणी काय काय करावं लागतं माणसाला."

"बाबा, पाय कधी केलेत तुम्ही?"

"पाय सगळ्यात आधी करतात, गं."

चिऊला रडू फुटलं. तिनं घाईनं तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या पंख्यांच्या खोक्यांकडे बघत उभी राहिली.

वडील दुकानदाराकडे वळले. "रॅमला दोनच जागा म्हणालात ना? चांगल्यातली घालून दोन्ही भरून टाका. हिला तिकडे काही कमी पडायला नको."