शेजारची किल्ली

साखरेचा डबा पुन्हा बोटभर खाली गेला होता, आणि वसुंधराच्या मनात पाल चुकचुकली. घरात माणसं दोनच. ती स्वतः चहा बिनसाखरेचा पिणारी, नवरा गुरुदत्त इन्सुलिनवर. मग साखर खातंय कोण, भुतं?

नवीन पनवेलच्या त्या इमारतीत प्रत्येकाची जादा किल्ली शेजारी असते. वसुंधराची समोरच्या शशिकलाताईंकडे होती, फ्लॅट घेतल्यापासून. आपण फिरायला गेलो की बाई येत असणार, डबे उघडत असणार. एवढं सुचायचा अवकाश, सगळं जुळायलाच लागलं. परवा जिन्यात ती हसली ते कसं हसली? आपली फिरायची वेळ तिला बरोबर कशी ठाऊक? आणि हो, काजूपण कमी झालेत. आता एक शब्द गुरुदत्तला विचारायला काय हरकत होती? पण नाही. तो म्हणाला असता, "तुझं काहीतरीच." आणि तेच तिला ऐकायचं नव्हतं.

तिने गुपचूप लॅच बदलून घेतला. जुना अडकत होता, असं गुरुदत्तला सांगितलं. शशिकलाताईंकडची किल्ली मागितली नाही, कारण मागितली की कारण सांगावं लागलं असतं. त्या दिवसापासून तिने साखरेच्या डब्याकडे बघणंही सोडलं. चोर सापडला होता ना, मग बघायचं कशाला?

पुढच्या आठवड्यात ती खारघरला लेकीकडे गेली. दुपारी गुरुदत्त फोन उचलेना. पुन्हा पुन्हा लावला, तरी नाही. तेव्हा तिने शशिकलाताईंना फोन केला.

"घाबरू नका वहिनी, किल्ली आहे ना माझ्याकडे." चपलांचा आवाज आला, मग दाराशी खटपट. "ही लागत का नाहीये? वहिनी, आतून कण्हल्यासारखं ऐकू येतंय."

"लॅच बदललाय," वसुंधरा कशीबशी म्हणाली.

"कधी? का?"

"ते नंतर. आधी दार फोडायला कुणाला तरी बोलवा!"

शेवटी वरच्या मजल्यावरच्या दोघांनी पहारीने दार फोडलं. गुरुदत्त स्वयंपाकघरात पडला होता आणि साखरेचा डबा त्याच्या हातापासून वीतभर लांब होता. थोडक्यात वाचला.

"मध्येच शुगर एकदम उतरते," संध्याकाळी हॉस्पिटलात तो पुटपुटला. "चमचाभर साखर खाल्ली की बरं वाटायचं. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

शशिकलाताई पलंगाशीच उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून जुनी किल्ली काढून स्टुलावर ठेवली. "ही राहू दे तुमच्याकडेच, वहिनी." आवाजात राग नव्हता, आणि तेच वसुंधराला सोसवेना. त्या गेल्या तरी तिची मान वर झाली नाही. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग तिने हळूच विचारलं, "आणि काजू?"

"कसले काजू?" गुरुदत्त म्हणाला.

काजू दिवाळीनंतर पुन्हा आणले होते की नव्हते, हे तिला धड आठवत नव्हतं. तरी तिची नजर दाराकडे गेलीच, शशिकलाताई गेल्या त्या दाराकडे.