खालच्या पायरीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. तीही सगळ्यांत खालची, लाल बसच्या दारातली. माझ्यावर पाय ठेवल्याशिवाय कोणी आत जात नाही आणि आत गेल्यावर कोणाला माझी आठवण राहत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती माझ्यासाठी नाही.

कारखान्यात माझा पत्रा कापला, पाय घसरू नयेत म्हणून त्यावर उंचवटे उठवले आणि चार बोल्टांनी मला गाडीला जोडलं. तेव्हा मी अशी घट्ट होते की तीन भारदस्त व्याही एकदम उभे राहिले तरी कुरकुरले नाही. मुकुटबन ते मारेगाव हा माझा रस्ता. माणसांची नोंद मी तळव्यांवरून ठेवते. खिडकीची जागा हवी असलेला मला टाचेने तुडवून जातो. बायकोने मागून ढोसलेला नवरा दोन्ही पाय ठेवून क्षणभर विचार करतो. पुढारी चढतच नाहीत. कोणाला तरी निरोप देताना एक पाय माझ्यावर ठेवतात आणि सगळी गाडी दहा मिनिटं अडवतात. फाट्याजवळच्या तांड्यातली जमनीबाई मात्र हलक्या पावलाने यायची. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारं तांड्यात कोणी नव्हतं.

कोळशाच्या ट्रकांनी रस्ता उखडला आणि माझे बोल्ट ढिले झाले. डावीकडचे दोन तर गळूनच पडले. आगारातला मेकॅनिक उकंडा भला माणूस. त्याने वहीत तीनदा लिहिलं, 'खालची पायरी ढिली.' तिन्ही वेळा खाली साहेबांची सही झाली. बोल्ट काही आले नाहीत. शेवटी त्याने मला तारेने बांधलं आणि म्हणाला, "धर व माय, साहेबाले सवड होईस्तोवर."

मी धरलं. वेचणीच्या दिवसांपर्यंत धरलं. त्या सकाळी जमनीबाईने एक पाय माझ्यावर ठेवला, दुसरा उचलला, आणि तार तुटली. मी लोंबले, ती रस्त्यावर आपटली. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज गाडीत कोणाला आला की नाही, ठाऊक नाही. मला आला.

कंडक्टर पिंटू खाली उतरला. गाडीत कॉलेजच्या मुली होत्या, मारेगावला त्यांची परीक्षा. त्यांतली मैत्रेयी दाराशी येऊन रडवेली झाली. "मावशी, नऊ वाजता पेपर हाय माहा. पोलीस आले तं गाडी इथंच अटकून राहीन."

पिंटूने कागद काढून भराभर काहीतरी खरडलं. "मावशी, एवढा अंगठा द्या. पोरीईचं वर्ष जाईन."

"काय लिवलं त्याच्यात?" कळ सोसत जमनीबाईने विचारलं.

"हेच, का तुमचा पाय सरकला. लिवा लागते म्हणून लिवलं."

"घे बापा. पोट्टीचं वर्ष कायले बुडवतं?"

पिंटूने तिच्या अंगठ्याला पेनाची शाई फासली. मग तिला एका ऑटोत घातलं, मला सुतळीने वर आवळलं आणि गाडी सुटली. बेचाळीस माणसं वेळेवर पोचली.

जमनीबाईच्या खुब्यात ऑपरेशन करून धातूची पट्टी घातली, ती नीट बसली नाही. दुसरं ऑपरेशन झालं तर शेतात वाकता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तिची मुलगी वर्षा बारावी शिकलेली. तिने भरपाईचा अर्ज केला. अर्जात तिकिटाचा नंबर विचारला होता. चढता चढता पडलेल्या बाईकडे तिकीट कुठून यावं? मग दवाखान्याचे कागद, त्यांच्या झेरॉक्स, झेरॉक्सवर सह्या. आणि गंमत ऐका. अर्जावर आवकचा शिक्का बसला त्याच संध्याकाळी माझे बोल्ट आले. चारही नवे! तीन नोंदींना जमलं नव्हतं ते एका अर्जाने केलं. बोल्ट आवळताना उकंडा माझ्याकडे पाहत नव्हता.

दोन महिन्यांनी चौकशी लागली, आगाराच्या आवारात, गाडीच्या दाराशीच. साहेबांनी मला बुटाने दोनदा ठोकलं. "पायरी मजबूत आहे. लिहा." मग फाइल उघडून वाचलं, "'माझ्याच चुकीने पाय घसरला. गाडीबद्दल तक्रार नाही.' अंगठा तुमचाच ना, बाई?"

"अंगठा माहाच हाय," काठीवर रेलून जमनीबाई म्हणाली. "शब्द याचे हायेत."

पिंटू तिकीट मशीनची बटणं न्याहाळत राहिला.

"कोणी साक्षीदार?"

महिनाभर वर्षा गावोगाव फिरली होती. बेचाळिसांपैकी एकटी मैत्रेयी सापडली, तीही चौकशीच्याच दिवशी बसचा पास काढायला आगारात आली होती म्हणून. "सांग ना व," वर्षा तिला म्हणाली. "तू तं दारातच उभी होती."

मैत्रेयीने नवा पास मुठीत घट्ट धरला. दर महिन्याला तो इथूनच निघतो. "मी मागं बसलती," ती म्हणाली. "मले काही दिसलं नाही."

"मंग माह्या याडीनं कोणासाठी अंगठा देल्ला व?" वर्षा भडकली. याडी म्हणजे आई.

"चूप बस, वर्षा," जमनीबाई म्हणाली आणि मैत्रेयीकडे वळली. "पास झाली का, बाई?"

मैत्रेयीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला खालून कळलं नाही. ती भरभर फलाटाकडे निघून गेली.

साहेब वाईट नव्हते, घाईत होते. "हे बघा, दया म्हणून ऑपरेशनचा खर्च मंजूर करून घेतो. फक्त आणखी एकदा लिहून द्या की चूक तुमची होती." कारकुनाने शाईच्या पॅडचं झाकण उघडलं.

वर्षा आईकडे पाहत राहिली. जमनीबाईने अंगठा मुठीत मिटला.

"त्या दिवशी पोरीसाठी देल्ला, साहेब. आता कोणासाठी देऊ?"

"स्वतःसाठी द्या!"

"मी पडली नाही, मले पाडलं. तसं लिवा, मंग देते."

साहेबांनी तसं लिहिलं नाही. 'अर्ज अमान्य' लिहिलं, आणि फाइल मिटली.

मित्रांनो, मला कोणी रंग द्यावा, पुसावं, असं मी म्हणत नाही. पण काही ढिलं दिसलं तर वहीत लिहून मोकळे होऊ नका. ते घट्ट होईपर्यंत मागे लागा. न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नका आणि दुसऱ्याचा घेऊही नका. वर्षाने आता वरच्या कार्यालयात अपील केलं आहे. कागद सगळे लागले आहेत. साक्षीदाराच्या नावाची ओळ तेवढी रिकामी आहे. मी पायरी, मला सही करता येत नाही. बेचाळीस जणांना येते.