तुफान कुणाचा?

"चल म्हणतो ना! ऊठ!" हंबीररावांनी साखळीला हिसका दिला. तुफान उठला, पण कसा? पुढचे पाय रोवून, मागचं धूड कसंबसं ओढत. आणि उठून गेला कुठे, तर थेट सुनेच्या खोलीत!

हंबीररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभरापूर्वी हे अल्सेशियन पिल्लू त्यांनी स्वतः आणलं, बाटलीने दूध पाजून वाढवलं. मुलगा रणवीर कोयलीच्या रिफायनरीत पाळ्या करायचा, घरी यायचा तो झोपायला. निवृत्तीनंतर त्यांची हाक ऐकणारं घरात हे एकच उरलं होतं, आणि आता हा नमकहरामही मृदुलाच्या पायाशी लोळायला लागला. तिने असं काय केलं होतं त्याचं? कधी एक पोळी तरी भरवली होती का?

"आबासाहेब," डोक्यावरचा पदर सावरत मृदुला दारात आली, "त्याला पळवू नका ना. पाय दुखतात त्याचे. जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो. सकाळी तर पार आखडलेला असतो."

"वर्षाच्या कुत्र्याला कसली आलीय सांधेदुखी? आमच्या आजोबांनी संस्थानची शिकारी कुत्री सांभाळली. तुम्ही आम्हाला शिकवणार?"

खरं सांगायचं तर ती म्हणाली म्हणूनच त्यांना ते पटलं नाही. लाडाने बिघडलाय, तालीम हवी, असं त्यांनी ठरवून टाकलं. आपल्या जुन्या लुना मोपेडला साखळी बांधून ते त्याला समा भागातल्या रस्त्यांवरून पळवू लागले. वर तूप घातलेला जास्तीचा खुराक. कसा येत नाही माझ्याकडे, बघतोच!

तुफान जवळ येणं राहिलं बाजूला, लुनाचा आवाज आला की मृदुलाच्या पलंगाखाली शिरू लागला. एकदा हंबीररावांनी कौतुकाने त्याच्या कमरेवर थाप मारली, तर तो गुरगुरला आणि त्याने त्यांच्या मनगटाला दात लावले. रक्त आलं नाही.

"माझ्यावर?" ते एवढंच म्हणाले, आणि जेवायला उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुनेला म्हणाले, "न्या त्याला डॉक्टरकडे. तुमचाच आहे तो." असं म्हणून स्वतःही रिक्षात ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

जनावरांच्या गुजराती डॉक्टरांनी खुबा चाचपला, एक्स-रे काढला. "काका, कूतरो आळसु नथी, एने दुखे छे," ते म्हणाले, आणि तो आळशी नाही, त्याला दुखतंय, हे मोडक्या मराठीत समजावू लागले. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसत नव्हता, आणि कोवळ्या वयातच संधिवात सुरू झाला होता. "लवकर आणला, सारू थयुं, बरं झालं. वजन कमी करा. पळवायचं नाही, मऊ मातीत हळू चालवायचं. गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं. माणसांच्या गोळ्या बिलकुल नाही."

"आणि मला चावला तो?"

"तिथे हात लागला की कळ जाते, काका. बोलणार कसा?"

म्हणजे राग नव्हता त्याचा! हंबीररावांना हायसं वाटलं, आणि लगेच लुनामागे फरफटणारे ते पाय आठवले. त्यातही एक काटा सलत राहिलाच: कळलं ते तिला, मला नाही.

घरी लुना बंद झाली, तूप बंद झालं. निसरड्या टाइल्सवर सतरंज्या आल्या. "शेक मी देणार," हंबीररावांनी आधीच जाहीर करून टाकलं. पण तुफान मृदुलाच्या खोलीतून हलेना, आणि सासऱ्याने सुनेच्या खोलीचा उंबरठा ओलांडायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. गरम पाण्याची पिशवी धरून ते बाहेर उभे राहिले आणि उगाच खोकले.

मृदुलाने कुत्र्याखालची सतरंजी हळूहळू दाराकडे ओढली. तुफानचं तोंड आत राहिलं, मागचे पाय उंबरठ्याबाहेर आले.

हंबीरराव बाहेर मांडी घालून बसले. आत ती त्याचे कान खाजवत होती, आणि तो टक लावून तिच्याकडेच बघत होता. हंबीररावांना ते दिसत होतं. त्यांनी पिशवी आधी आपल्या गालाला लावून पाहिली, मग अलगद खुब्यावर ठेवली.

तुफानने वळून पाहिलं नाही. पण पाय आखडूनही घेतला नाही.