काटा न हलवणारी किल्ली

मला विकून दादाला नवा कन्सोल मिळणार होता, दुकानदाराला सुटे भाग मिळणार होते आणि घरातल्या टेबलाचा एक खण रिकामा होणार होता. टिकलीला काय मिळणार होतं, याचा हिशोब कुणी मांडला नव्हता. सगळ्यात धाकट्या माणसाला बेरजेत धरायची त्या घरात पद्धत नव्हती.

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे, दोन्ही हातांत धरून खेळतात तसला. खरं म्हणजे 'आहे' हेसुद्धा जरा वाढवूनच सांगतो आहे. माझ्यातला जेवढा उरलाय, तेवढा बोलतोय.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते. रंग एक, बटणं एक, पण प्रत्येकाच्या पोटात एक किल्ली मात्र निरनिराळी घातलेली. लोखंडाची नव्हे, आकड्यांची. माझ्यात जे काही साठेल ते माझ्या किल्लीनं बंद होणार आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राला ते उघडता येणार नाही, अशी ती व्यवस्था. मला तेव्हा मोठा गर्व वाटला होता. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं घर कुठं गेलं ते पुढं कळेलच.

मी ज्या घरी आलो तिथले वडील भंगाराच्या वखारीत वजनकाट्यावर बसत. आयुष्यभर काट्याकडे बघून माणसाची नजरच काट्यासारखी होते. घरात कुठलीही वस्तू आली की ते आधी हातात घेऊन झुलवत आणि मग मत देत. "ज्यानं काटा हलत नाही ते घरात ठेवायचं नाही," हा त्यांचा नियम. दादानं वडिलांचं नाक घेतलं नाही, हुशारी घेतली नाही, पण हा नियम तेवढा पुरेपूर उचलला. लग्नकार्यात भेटवस्तू वाटत असले तर तो सगळ्यात मोठा खोका धरायचा. एकदा त्यात उशी निघाली.

दादा कॉलेजात गेला त्या वर्षी त्यानं माझी कुलपं काढली. वाकवलेली तार, लॅपटॉप आणि चार शिव्या एवढ्या सामानावर त्यानं माझ्यात दुसरीच प्रणाली बसवली. मग मी विकतचे, फुकटचे, कुणीतरी घरी बसून बनवलेले असे सगळे खेळ चालवू लागलो. मित्र यायचे, वाहवा करायचे. सहा महिने मी हातांवरून खाली उतरलो नाही. मग दादाचं मन माझ्यावरून उडालं आणि त्यानं मला टिकलीला दिलं. 'दिलं' म्हणजे काय, तर "तू खेळ, पण माझा आहे हे लक्षात ठेव."

टिकली म्हणजे त्याची धाकटी बहीण. अंगानं एवढीशी, म्हणून आत्यानं ठेवलेलं नाव. ही आत्या वडिलांची सख्खी बहीण. कमरेचं हाड मोडल्यापासून ती आतल्या खोलीत पलंगावर पडून असायची. वडील खोलीत आले की म्हणायची, "मला झुलवून बघू नकोस रे, मी उतरलेय." टिकलीनं तिला मी दाखवला आणि शेतीचा एक खेळ शिकवला. आठ दिवसांत म्हातारी गुरूच्या पुढं गेली.

त्या खेळातली रोपं खऱ्या घड्याळावर वाढत. पाणी चुकलं की सुकत. म्हणून दोघींनी पाळ्या लावल्या. टिकली शाळेत असेपर्यंत शेत आत्याचं, शाळा सुटली की टिकलीचं. खेळात एक टपालपेटी होती. पाळी संपली की एकीनं दुसरीसाठी पत्र टाकायचं. आत्या एका बोटानं एकेक अक्षर शोधून लिहायची. "टिकले, कोबीला पाणी कोण घालणार, तुझा होणारा सासरा?" असली पत्रं. दुसऱ्या दिवशी ती आठवून टिकली वर्गात एकटीच हसायची आणि बाई तिला उभं करायच्या. चार वर्षं हे चाललं. मित्रांनो, दादाच्या मित्रांची वाहवा एका पारड्यात आणि त्या बोटाची टकटक दुसऱ्यात टाका. मी कुठलं पारडं धरीन, ते वेगळं सांगत नाही.

एके दिवशी टिकली शाळेतून आली तेव्हा पलंग रिकामा होता आणि घरात माणसं जमली होती. पंधरवड्यानं तिनं मला चालू केलं. टपालपेटीवर पाकीट लुकलुकत होतं. आत्याचं शेवटचं पत्र.

तिनं ते उघडलं नाही. उघडलं की संपलं, असं तिचं गणित होतं. रोज शेताला पाणी घालायची, पेटीपाशी येऊन थांबायची आणि मला बंद करायची. वर्ष असंच गेलं.

मग बाजारात नवा कन्सोल आला आणि दादाला मी आठवलो.

टिकली रडली नाही. ती म्हणाली, "विक. पण माझं शेत आधी काढून ठेव. पाकिटासकट."

"बॅकअप घेतो ना," दादा म्हणाला. "नव्यात टाकून देतो. तुला फरकसुद्धा कळणार नाही."

आणि मित्रांनो, त्यानं खरंच बॅकअप घेतला. मी खोटं बोलणार नाही. माझ्या पोटातलं सगळं त्यानं लॅपटॉपवर उतरवलं. दोन फाइली झाल्या. एक अगडबंब. दुसरी इतकी बारीक की तिच्यात एक धड निबंध मावला नसता. मोठीत शेत होतं, कोबी होता, पाकीट होतं, सगळं कुलूपबंद. बारकीत ते कुलूप उघडणारी माझी किल्ली होती.

लॅपटॉप दादाला भरलेला वाटला. त्यानं फाइली वजनाप्रमाणे लावल्या, मोठ्या वर आणि लहान खाली, आणि खालचा सगळा गाळ एकदम निवडून पुसला. माझी किल्ली त्यात गेली. काटा हलला नाही. मोठी फाइल मात्र त्यानं दोन ठिकाणी ठेवली, अगदी जिवापाड. घर जळालं असतं तरी कुलूप वाचलं असतं.

ती उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती. दुकान बंद व्हायला वीस मिनिटं होती. त्यानं मला कोरा केला आणि पायात चपला सरकवल्या.

दुकानदार म्हणजे कोपऱ्यावरचा मोबाइलवाला. त्यानं मला उलटसुलट केलं, कडेच्या ओरखड्यांवर नख फिरवून भाव पाडला आणि काउंटरवर ठेवलं. दुसऱ्याच दिवशी कुणाच्यातरी पोरानं फोडलेला कन्सोल दुरुस्तीला आला. माझा पडदा त्याला गेला, बॅटरी तिसऱ्याला, बटणं एका पुडीत. उरली ती आतली सर्किटची हिरवी पाटी. ती त्यानं काउंटरखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. तिच्यावरच्या एका काळ्या ठिपक्यात माझी किल्ली अजून आहे. मी कोरा झालो तरी ती पुसली जात नाही, जन्मखूण असते ती.

घरी नवा कन्सोल आला. टिकलीनं दोन दिवस वाट पाहून शेत मागितलं. दादानं मोठी फाइल उघडायला घेतली आणि समोर नुसता आकड्यांचा चिखल आला. त्यानं इंटरनेटवर शोधाशोध केली आणि त्याला सगळं समजलं: किल्ली काय असते, ती कुणी पुसली, आणि मूळ पाटी हाती असेल तर जाणकार कारागीर ती अजूनही काढून देतो.

हे कळायला त्याला एक संध्याकाळ लागली. सांगायचं नाही हे ठरवायला एक क्षण पुरला.

"तो कन्सोलच खराब होता," त्यानं टिकलीला सांगितलं. "आतलं सगळं कधीच सडलं होतं." चार वर्षं मी एक रोप सुकू दिलं नव्हतं. घरात कुणी माझी बाजू घेतली नाही. मी तिथं नव्हतोच.

टिकलीचा विश्वास बसला नाही. माझा चार्जर खणात राहिला होता. तो हातात घेऊन ती दुकानात आली, दादाला ओढत. डब्यातून मी तिचा आवाज ऐकला.

"काका, आमचा कन्सोल एकदा चालू करून बघू द्या ना."

"तो कसला चालू होतोय," दुकानदार म्हणाला. "सुटा करून संपला. पाटी असेल डब्यात. हवी तर ने, फुकट. तिला कोण विचारतं?"

टिकली दादाकडे वळली. "दादा, पाटीत काही असतं का?"

माझ्यात आणि तिच्या हातात एक काउंटर होता. दादाला फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग बॅकअप का उघडत नाही, आणि त्याचं उत्तर त्याच्याच बोटांपाशी येऊन थांबणार होतं.

दुकानदारानं डबा काउंटरवर ठेवला आणि दादानं मला त्यातून उचललं. तळहातावर झुलवलं, अगदी वडिलांसारखं.

"यात काय असणार?" तो म्हणाला. "वजन तर बघ."

आणि परत टाकलं. दुकानदारानं तिच्या हातातला चार्जर पाहिला. "तो ठेवून जा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." तिनं तो काउंटरवर ठेवला, वेटोळं नीट करून.

पाकिटात काय होतं, ते आता मलाच ठाऊक आहे. म्हातारीनं लिहिलं होतं, "टिकले, भोपळा पिकलाय. आज काढ. जपून ठेवलेलं सडतं."

म्हणून मित्रांनो, कळकळीची विनंती. जुनी वस्तू खुशाल विका, पण बॅकअप घेतला की तो आधी उघडून बघा. लहान आहे म्हणून काही पुसू नका. आणि आलेली पत्रं वेळेवर वाचा.

आता हिशोब. दादाला नवा कन्सोल मिळाला आणि भाऊ म्हणून त्याची अब्रू शाबूत राहिली. दुकानदाराला पडदा, बॅटरी, बटणं मिळाली आणि वर चार्जर. मला डबा मिळाला. या सगळ्याची किंमत टिकलीनं भरली, आणि आपण काय भरलं हे तिला कधीच कळणार नाही. ती अजून मलाच दोष देते.